विकिपीडियावर कोणाचा शब्द चालतो, आणि का

समजा, मराठी विकिपीडियावर कळसूबाईच्या लेखात शिखराची उंची १६४६ मीटर लिहिलेली आहे. कोणीतरी येतं आणि मधल्या ४ च्या जागी ८ टाकून जातं. लेखाचा 'इतिहास' उघडला की प्रत्येक बदलापुढे कंसात एक आकडा असतो. त्या बदलाने पान किती बाइटने वाढलं किंवा घटलं, हे तो सांगतो. इथे तो शून्य दिसेल, कारण एक अंक गेला, दुसरा आला, लांबी तेवढीच राहिली. घाईत पाहणाऱ्याला वाटतं की काही विशेष झालेलं नाही. रोज 'अलीकडील बदल' चाळणारा जुना सदस्य मात्र नेमका हा शून्य उघडून बघतो, कारण आकड्यांची मोडतोड शून्यातच लपते हे त्याला ठाऊक असतं. तो बदल उलटवतो, सारांशात, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात, चार शब्द लिहितो आणि पुढच्या पानाकडे वळतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

हेच काम कालच खातं उघडलेल्या एखादीने, सारांशाची जागा कोरी ठेवून, केलं असतं तर? बदल बरोबर असूनही तिच्या चर्चापानावर विचारणा होण्याची शक्यता मोठी. कदाचित तिचाच बदल परत उलटला असता. गंमत म्हणजे बदल उलटवण्याची सोय दोघांनाही सारखीच दिलेली आहे. फरक आहे तो शब्दाला असलेल्या वजनाचा, आणि हे वजन विकिपीडियाच्या कुठल्याच हक्कांच्या यादीत लिहिलेलं नाही. ते कशाने बनतं, कसं ओळखायचं आणि कधी घातक ठरतं, ते इथे पाहू. विकिपीडिया निवडण्याचं कारण साधं: तिथे प्रत्येक बदल, प्रत्येक वाद, प्रत्येक मत तारखेनिशी जपलेलं असतं. इतर बहुतेक ऑनलाइन समूहांत प्रभाव असा पान उघडून तपासता येत नाही.

कागदावरची उतरंड

आधी लिहिलेले हक्क, कारण न लिहिलेले त्यांच्या भोवतीच वाढतात.

खातं न उघडता बदल करणाऱ्याचा पूर्वी अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) दिसायचा. आता अनेक विकिपीडियांवर त्याऐवजी तात्पुरतं खातं तयार होतं. त्याच्या नावात आधी ~ असं चिन्ह, मग साल आणि मग एक क्रमांक असतो. खातं उघडल्यावर इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस आणि दहा संपादनं झाली की काही दारं आपोआप उघडतात: अर्धसुरक्षित, म्हणजे अगदी नवख्यांना बंद असलेली, पानं बदलता येतात, पानाचं नाव बदलता येतं, थेट नवा लेख सुरू करता येतो. पुढची पायरी तीस दिवस आणि पाचशे संपादनांची. ही पायरी मराठी वाचकाला माहीत असायला हवी. दक्षिण आशियातल्या जाती आणि लष्करी इतिहास यांवरच्या इंग्रजी लेखांपैकी बरेच या पायरीवर कुलूपबंद आहेत. मराठेशाहीच्या इतिहासावरची चूक दुरुस्त करायला जाणाऱ्याला बदलाचा पर्यायच दिसत नाही, आणि त्याला वाटतं आपल्याला मुद्दाम अडवलं. खरं तर तिथे ते कुलूप जवळपास सगळ्या नवख्यांना सारखंच लागू असतं. अशा वेळी लेखाच्या चर्चापानावर बदलाची विनंती टाकता येते.

त्यावर प्रचालक (ॲडमिन). त्याच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी: पान काढणं, पान सुरक्षित करणं, सदस्याला प्रतिबंध घालणं. प्रचालक नेमण्याचं बटण ज्याच्याकडे असतं तो ब्यूरोक्रॅट. एकाच माणसाची दोन खाती आहेत का, हे पडद्याआडच्या नोंदींवरून तपासणारा तपासनीस वेगळा. त्या नोंदी फक्त ९० दिवस टिकतात, त्यामुळे तक्रार उशिरा केली तर हाती काही लागत नाही. सगळ्या भाषांच्या वर स्टुअर्ड असतात. त्यांची निवडणूक दरवर्षी होते, किमान ३० पाठिंबे आणि ८० टक्के होकार लागतात. ज्या विकिपीडियावर स्थानिक तपासनीस किंवा ब्यूरोक्रॅट नाहीत, तिथली ती कामं स्टुअर्डच करतात.

उतरंड एवढीच. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच म्हटलं होतं की प्रचालकपद ही काही मोठी गोष्ट मानू नये. तत्त्व असं की लेखात काय राहावं हे ठरवताना प्रचालकाचं मत आणि कालच्या सदस्याचं मत एकाच मापाचं. प्रचालक म्हणजे ज्याच्याकडे वाड्याच्या किल्ल्या आहेत तो. वाडा त्याचा नव्हे. प्रत्यक्षात किल्ल्या बाळगणाऱ्याच्या बोलण्याला लोक थोडं जास्त मानतातच, आणि कागदावरची उतरंड न लिहिलेल्या उतरंडीत मिसळायला इथूनच सुरुवात होते.

वजन कशाने बनतं

पहिली गोष्ट पहारा. प्रत्येक सदस्याला निरीक्षणसूची असते: तुम्ही निवडलेल्या पानांवर कोणी काही केलं की तिथे दिसतं. एखाद्याच्या सूचीत सह्याद्रीतले सगळे किल्ले असतील आणि तो रोज सकाळी ती बघत असेल, तर किल्ल्यांच्या लेखांवर त्याचं म्हणणं चालतं. त्याला तो अधिकार कोणी दिलेला नसतो. बदल झाला की तासाभरात तो हजर असतो आणि बाकीचे आठवड्यांनी येतात, एवढंच कारण. विकिपीडियावर उशिरा येणाऱ्याला झालेलं मोडावं लागतं, आणि मोडणाऱ्यावर कारण सांगण्याचं ओझं जास्त असतं. बहुतेक प्रभाव हा असा एका छोट्या वाफ्यापुरता असतो. किल्ल्यांवर ज्याचं ऐकतात, त्याला क्रिकेटच्या लेखांवर कोणी ओळखतही नाही.

दुसरी गोष्ट आठवण. 'गावांच्या लेखात लोकसंख्या कोणत्या जनगणनेची द्यायची', 'आडनाव आधी की नाव आधी', 'इंग्रजी आकडे चालतील का' असे प्रश्न दर काही महिन्यांनी नव्याने येतात. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या समाईक चर्चेच्या पानावर, कोणीतरी लिहितं, 'हे आधी ठरलेलं आहे, हा पाहा दुवा.' विषय तिथेच मिटतो. जुनी चर्चा शोधून काढता येणं हे मोठं बळ आहे, कारण चावडीची जुनी पानं विदागारात (जुन्या चर्चांच्या साठ्यात) जातात आणि तिथला शोध किचकट असतो. मात्र यात एक खाच आहे: 'आधी ठरलेलं आहे' असं दुवा न देता म्हणणाराही पुष्कळदा जिंकतो. दुवा मागणं हा उद्धटपणा नाही. तो मागितलाच पाहिजे. आणि दुवा मिळाला की उघडून वाचला पाहिजे, कारण 'ठरलं' म्हणून दाखवलेल्या चर्चेत कधी कधी दोनच माणसं बोललेली असतात.

तिसरी गोष्ट साचे, आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. लेखाच्या बाजूला जी माहितीचौकट दिसते, ती एका साच्यातून येते. त्या साच्यात 'तालुका' हा रकाना ठेवायचा की नाही, हे एकाने ठरवलं की तो साचा वापरणाऱ्या हजारो पानांवर ते एका झटक्यात लागू होतं. लेखातल्या एका वाक्यावर चार जण भांडतील. साच्यातल्या एका ओळीवर बहुधा कोणी बोलतच नाही, कारण ती वाचता येणारे मोजकेच असतात. छोट्या विकिपीडियांवर साचे आणि मॉड्यूल (साच्यांमागचा कोड) सांभाळणारे दोन-तीन जण असतात. ते कधी चर्चेत आवाज चढवत नाहीत, पण सगळ्या ज्ञानकोशाचा चेहरा त्यांच्या हातात असतो. सांगकाम्ये, म्हणजे ठरवून दिलेली कामं आपोआप करणारी खाती, चालवणाऱ्यांचंही तसंच.

चौथी गोष्ट वागण्याची. वाद तापलेला असताना जो समोरच्याचा मुद्दा नीट मांडून मग आपला सांगतो, चूक झाली तर 'माझं चुकलं, बदललं आहे' असं लिहून लगेच बदलतो, नव्याच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) जाऊन दोन ओळींची मदत करतो, त्याच्या शब्दाला हळूहळू किंमत येते. अशा माणसाला लोक स्वतःहून वादात बोलावतात. विकिपीडियावर 'बार्नस्टार' नावाचं कौतुकचिन्ह २००३ पासून आहे. ते कोणीही कोणाच्याही चर्चापानावर लावू शकतं आणि त्याने एकही हक्क मिळत नाही. तरी ते बघण्यासारखं असतं, ते कोणत्या कामासाठी आणि कोणी दिलं यासाठी. ज्याच्याशी वाद झाला होता त्याने दिलेलं चिन्ह मित्राने दिलेल्या दहांपेक्षा जास्त सांगून जातं.

संपादनसंख्या का फसवते

नवा माणूस आधी बघतो तो आकडा: अमक्याची पन्नास हजार संपादनं, तमक्याची चारशे. हा आकडा प्रभावाचं फार कच्चं माप आहे, आणि का ते नीट समजून घ्यायला हवं.

एका क्लिकमध्ये लेखाला वर्ग (विषयाचा गट) जोडणारं साधन वापरलं तर एका संध्याकाळी शे-दोनशे संपादनं सहज होतात. शुद्धलेखनाची एकच दुरुस्ती यादीतल्या सगळ्या पानांवर ओळीने करत जाणारी साधनं आहेत. त्यांनी हा आकडा आणखी फुगतो. उलट कोणी तीन तास बसून लेखाचा मसुदा संगणकावर वेगळा लिहिला आणि एकदाच चिकटवला, तर त्याचं संपादन होतं एक. भाषांतराच्या साधनातून प्रकाशित केलेला आख्खा लेखही एकच मोजला जातो.

बाइटचंही तेच. मराठीत तर आणखी एक घोळ आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अंक, तीन बाइट घेतं. 'कळसूबाई' या शब्दात क, ळ, स, ऊकार, ब, काना आणि ई अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. रोमन लिपीत हेच नाव आठ बाइटांत मावतं. त्यामुळे इतिहासात '+३०००' दिसलं की इंग्रजीच्या सवयीने वाटतं पाचशे शब्दांची भर पडली. मराठीत ते दीडशे शब्दांच्या आसपास असतात. कोणी १६४६ हा देवनागरी आकडा इंग्रजी अंकांत (1646) लिहिला, तर मजकुरातलं काहीही न काढता '−८' दिसतं. नुसत्या आकड्यांवरून 'याने भर घातली' किंवा 'याने मजकूर काढला' असा निष्कर्ष काढणारे रोज चुकतात.

या प्रश्नावर २००६ मध्ये एक चांगला वाद झाला होता. जिमी वेल्स भाषणांत सांगत की इंग्रजी विकिपीडियावरची निम्म्याहून अधिक संपादनं फक्त ०.७ टक्के सदस्य करतात, म्हणजे त्या वेळचे ५२४ जण. याचा अर्थ ते असा लावत की ज्ञानकोश हा छोटा, एकमेकांना ओळखणारा गट लिहितो. प्रोग्रामर ॲरन स्वार्ट्झ यांनी संपादनं न मोजता, शेवटी लेखात टिकलेली अक्षरं कोणाची आहेत, हे काही लेखांवर मोजून पाहिलं. चित्र उलटं निघालं. बहुतांश मजकूर अशा लोकांनी घातला होता ज्यांची एकूण संपादनं फार थोडी होती, आणि नेहमीचे सदस्य त्याची मांडणी, दुवे, वर्ग, भाषा नीट करत होते. दोन्ही निरीक्षणं आपापल्या जागी खरी आहेत. मजकूर पुष्कळदा बाहेरचा माणूस आणतो. तो राहील का, कुठे राहील आणि कसा दिसेल हे आतला माणूस ठरवतो. प्रभाव मोजायचा तर या दुसऱ्या कामाकडे बघावं लागतं.

मग मोजायचं कसं

'इतिहास' पान उघडा आणि फक्त उलटवलेले बदल शोधा. कोणी कोणाचं उलटवलं, आणि त्यानंतर काय झालं? ज्याने उलटवल्यावर पुढे कोणीच हात लावत नाही, त्याचं त्या पानावर वजन आहे. ज्याचं उलटवणं परत उलटतं, त्याचं नाही. सलग दहा-पंधरा लेखांवर हे पाहिलं की एखाद्या विषयाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. हे सगळ्यांत भरवशाचं माप आहे, कारण इथे बोलणं नाही, कृती दिसते.

मग त्या सदस्याचं 'योगदान' बघा. एक्सटूल्स नावाच्या मोफत साधनात सदस्यनाव टाकलं की कोणत्या नामविश्वात (लेख, चर्चा, साचे अशा पानांच्या प्रकारात) किती टक्के संपादनं आहेत ते वर्तुळात दिसतं. लेखांत ९५ टक्के असतील तर तो निमूट काम करणारा. त्याचा शब्द त्याच्या वाफ्यात चालतो. साचा आणि मॉड्यूल यांत मोठा वाटा असेल तर प्रभाव न दिसणारा पण दूरवर पोचणारा. चावडी, कौल (मतं मागवण्याची पानं), चर्चापानं यांत निम्मा वेळ जात असेल आणि लेखांत फारसं काही नसेल, तर सावध व्हावं. अशी माणसं नियम पाठ असल्याच्या बळावर वाद जिंकतात, पण लेख लिहिण्यात काय अडचणी येतात हे त्यांना ठाऊक नसतं.

कौलाची पानं वाचताना मतांची बेरीज करू नका, क्रम बघा. पहिली दोन-तीन मतं कोणाची आली आणि त्यानंतर 'वरीलप्रमाणे', 'सहमत' अशी एका शब्दाची किती आली? ज्याच्या मतामागे एका शब्दाची रांग लागते त्याच्या शब्दाला गटात किंमत आहे. तत्त्वतः विकिपीडियावर निर्णय मुद्द्यांवर होतो, डोकी मोजून होत नाही. इंग्रजीत प्रचालकपदाची चर्चा सात दिवस चालते आणि पाठिंबा ६५ ते ७५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर ब्यूरोक्रॅट मुद्दे तोलून निर्णय देतात. तिथे शंभर-दोनशे जण बोलतात, त्यामुळे एकाचा कल बुजून जातो. पाच-सात जणच येत असतील तिथे पहिलं मतच निर्णय ठरवू शकतं.

आणि शांतता. एखाद्याने चुकीचं काही लिहिलं आणि एरवी बोलणारे सगळे गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्यातही प्रभाव दिसतो. हे मोजायला आकडा नाही, पण दोन महिने चावडी वाचणाऱ्याच्या लक्षात येतंच.

कुठे बिघडतं

न लिहिलेली उतरंड असणं हा दोष नाही. रोज पहारा देणाऱ्याला रोज न येणाऱ्यापेक्षा जास्त वजन मिळावं, हे न्याय्यच आहे. बिघाड होतो तो वजन ज्या कामातून आलं त्याच्या बाहेर ते वापरलं गेलं की. तीन प्रकरणं यासाठी पुन्हा पुन्हा अभ्यासली जातात.

इंग्रजी विकिपीडियावर एक सदस्य स्वतःला धर्मशास्त्राचा कायम नेमणुकीचा प्राध्यापक म्हणवत असे. 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकाच्या २००६ मधल्या लेखातही तसंच छापून आलं. तो प्रचालक होता, ब्यूरोक्रॅट होता, पुढे सर्वोच्च लवादातही, म्हणजे वादांचा शेवटचा निवाडा करणाऱ्या समितीतही, नेमला गेला. २००७ च्या सुरुवातीला उघड झालं की तो २४ वर्षांचा तरुण आहे आणि पदव्या काल्पनिक आहेत. त्याचं प्रचालकाचं काम चांगलं होतं, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केलं. दोष तिथे होता जिथे मजकुराच्या वादात त्याने त्या पदव्यांचा हवाला दिला होता आणि समोरच्यांनी तो मानला होता. मार्च २००७ मध्ये त्याने सगळी पदं सोडली. त्यानंतर पदव्या तपासून घ्याव्यात असा प्रस्ताव आला, पण समूहाने तो स्वीकारला नाही, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: सदस्य कोण आहे हे विचारात घ्यायचंच नाही, संदर्भ काय दिला ते बघायचं. मराठीतही 'मी या विषयात पीएचडी आहे' असं चर्चापानावर लिहिणारे भेटतात. त्यावर एकच उत्तर द्यायचं असतं: मग तुम्हाला चांगला संदर्भ पटकन सापडेल, तो द्या.

दुसरं प्रकरण स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या भाषेच्या विकिपीडियाचं. ऑगस्ट २०२० मध्ये बाहेरच्या एका वाचकाने दाखवून दिलं की तिथले हजारो लेख एकाच सदस्याने लिहिले आहेत आणि त्याला स्कॉट्स येत नाही. तो अमेरिकेतला किशोर होता. बाराव्या वर्षी त्याने सुरुवात केली होती. इंग्रजी वाक्यं घेऊन कोशातून एकेक शब्द बदलत जायचा. त्याची दानत वाईट नव्हती. तो रोज यायचा, खूप लिहायचा, म्हणून प्रचालकही झाला, आणि त्याला अडवेल अशी भाषा जाणणारी माणसं तिथे पुरेशी नव्हती. एका छोट्या भाषेचा चेहरा जगासमोर अनेक वर्षं चुकीचा राहिला. आणि खापर त्या मुलावर फुटलं, हेही दुःखाचंच. संपादनसंख्येला वजन देण्याचा परिणाम याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. भाषांतराच्या साधनातून आलेले, वाचताना अडखळायला लावणारे लेख ज्या मराठी वाचकाने पाहिले आहेत, त्याला हे प्रकरण परकं वाटणार नाही.

तिसरं सर्वांत गंभीर. क्रोएशियन विकिपीडिया साधारण दहा वर्षं प्रचालकांच्या एका छोट्या गटाच्या ताब्यात होता. इतिहासाच्या लेखांत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीबद्दलच्या लेखांत, सोयीचं चित्र रंगवलं गेलं. विरोध करणाऱ्यांना प्रतिबंध घातले गेले. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो ज्ञानकोश वापरू नका असं जाहीर सांगितलं. तरी गट हलला नाही, कारण पदावरून काढण्यासाठी जो कौल घ्यावा लागतो त्यात मत देणारेही त्यांचेच होते, आणि त्यांतली काही खाती एकाच माणसाची असल्याचं पुढे दिसलं. जागतिक पातळीवरून कारवाई झाल्यावर २०२० आणि २०२१ मध्ये पकड सुटली, आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये या सगळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

शेवटच्या दोन प्रकरणांत मूळ दुखणं एकच: साचे, पहारा, प्रतिबंधाचं बटण आणि 'हे आधीच ठरलंय' म्हणण्याचा हक्क त्याच मोजक्या हातांत आले. इंग्रजीत हजारो सक्रिय सदस्य असल्याने हे हात वेगवेगळे राहतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज लेख खूप आहेत, पण नियमित काम करणारे प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या थोड्या माणसांत एकच व्यक्ती साचा दुरुस्त करते, नव्याचं स्वागत करते, उत्पात (मुद्दाम केलेली मोडतोड) उलटवते आणि वादही मिटवते. तिचा हेतू उत्तम असला तरी तिच्याविरुद्ध दाद मागायला तिच्याकडेच जावं लागतं, ही रचनेतली अडचण आहे.

नव्या सदस्याने काय करावं

सदस्यपानावर एक ओळ लिहा. ते पान कोरं असेल तर तुमचं नाव सगळीकडे लाल रंगात दिसतं, आणि लाल नावाचा बदल तपासणारा जरा जास्त संशयाने उघडतो. 'मी कोल्हापूरच्या आसपासच्या तळ्यांवर लिहितो' एवढं पुरे. खरं नाव, फोन, पत्ता काही देऊ नका.

प्रत्येक बदलाला सारांश लिहा, आणि 'सुधारणा' असा एकच शब्द नको. 'उंची दुरुस्त केली, संदर्भ जोडला' असं. मजकूर बदलला असेल तर 'छोटा बदल' ही खूण करू नका. इतिहासात त्यापुढे 'छो' दिसतं, आणि 'छो'खाली मोठा बदल सापडला की तुमच्यावरचा विश्वास बराच काळ उडतो.

एक वाफा धरा. वीस-तीस संबंधित पानं निरीक्षणसूचीत घ्या आणि दोन-तीन महिने तीच सांभाळा. पहिल्याच आठवड्यात धोरणाच्या पानावर बदल सुचवायला गेलात तर बरोबर असूनही कोणी ऐकणार नाही. तुमचा बदल उलटला तर तो लगेच परत करू नका. चर्चापानावर संदर्भासह लिहा आणि दोन-चार दिवस थांबा. इंग्रजीत २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर मजकूर बरोबर असूनही प्रतिबंध लागू शकतो.

वजनदार सदस्याशी मतभेद झाला तर

आधी बदल आणि माणूस वेगळे करा. 'तुम्ही नेहमी असंच करता' असं लिहिलं की त्याची बाजू घ्यायला पाच जण येतात, कारण त्यांना त्याची वर्षांची मेहनत आठवते. 'या वाक्याला दिलेल्या संदर्भात ही तारीख नाही' असं लिहिलं की त्याच पाच जणांना संदर्भ उघडावा लागतो.

लेखाच्या चर्चापानावर लिहा, त्याच्या वैयक्तिक चर्चापानावर नव्हे. लेखाच्या पानावरचं बोलणं पुढच्या प्रत्येक वाचकाला सापडतं. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर चावडीवर एकच दुवा टाका आणि तटस्थ शब्दांत विचारा. आपल्या बाजूच्या चौघांना व्हॉट्सॲपवरून बोलावून मतं घालायला लावणं ही मोठी चूक आहे. ते उघडकीला येतं, आणि मग खरा मुद्दाही त्याखाली गाडला जातो.

प्रचालकाने स्वतः ज्या वादात भाग घेतला आहे, त्यातच पान सुरक्षित केलं किंवा समोरच्याला प्रतिबंध घातला, तर तक्रार नेमकी त्या कृतीपुरती ठेवा: तारीख, पानाचं नाव, बदलाचा दुवा, आणि त्याआधी त्याने त्याच पानावर केलेल्या संपादनांचे दुवे. दुसऱ्या एखाद्या प्रचालकाला ती पाहायला सांगा. स्थानिक पातळीवर कोणी उरलंच नसेल तर मेटा-विकीवर, म्हणजे सर्व विकिमीडिया प्रकल्पांच्या समाईक विकीवर, जाता येतं. तिथे स्टुअर्डांकडे विनंती करता येते किंवा सर्व भाषांच्या सदस्यांपुढे मतविनंती मांडता येते. लिहिताना इंग्रजी वाचकाला मराठी चर्चा कळावी म्हणून महत्त्वाच्या वाक्यांचं साधं भाषांतर जोडा. ते नसल्याने कित्येक योग्य तक्रारी नुसत्या पडून राहतात. २०२१ पासून सर्व विकिमीडिया प्रकल्पांना लागू असलेली वैश्विक आचारसंहिता आहे, आणि एखाद्या समूहाची स्वतःची व्यवस्थाच कोसळली असेल तर दाद घेणारी तिची समन्वय समिती २०२४ पासून काम करते. तिथवर पोचायच्या आधी खालच्या पायऱ्या चढल्याचे दुवे हाताशी हवेत, कारण समिती पहिल्यांदा तेच विचारते.

आणि जे आज वजनदार आहेत त्यांच्यासाठी एक काम: तुम्ही एकटेच सांभाळत असलेल्या साच्यांची यादी करा, प्रत्येकाच्या दस्तऐवजीकरण पानावर रकाने कसे भरायचे ते मराठीत लिहा, आणि एखाद्या नव्या सदस्याला त्यातला एक साचा पूर्णपणे सोपवा. ज्या विकिपीडियांचा स्वतःचा वेगळा नियम नाही, तिथे दोन वर्षं एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती झाली नाही की प्रचालकाचे हक्क काढून घेण्याची प्रक्रिया सुरू होते. हक्क अर्ज करून परत मिळू शकतात. पण साचा कसा चालतो हे जर फक्त एकाच्या डोक्यात असेल आणि तो यायचा थांबला, तर हजारो पानांवरच्या चौकटी मोडतात आणि त्या जोडायला कोणाला जमत नाही.